आत्तीची बाजू

आनंदा, त्ये कागद पोलिसांनी न्हेलं न्हाईत. मी जाळलं. चुलीत, भाकरीच्या तव्याखाली, ह्या माझ्या हातानं.

परवा तेरावा झाला तुझा. दादा, तुझा बाप, अंगणात बसून ऱ्हातो, कुणी हाक मारली तर नुसती मान हलवतो. तुझी आई तुझी धोतरं धुती. धुतलेलीच हायत, तरी धुती. मला रडाय लवकर येत न्हाई, ते तुला ठावं हाय. माझा नवरा गेला तवाबी बाया म्हणल्या हुत्या, हिचं काळीज दगडाचं हाय. दगडाचं न्हाई. पण माझं पाणी खालनं वाहतं, वर येत न्हाई.

म्हणून लिवाय बसले. दुसऱ्या यत्तेपतोर गेलेली मी, त्यात सांगलीत तू पाटीवर जेवढं घोटून घेतलंस तेवढंच अक्षर. वाकडं हाय. चालवून घे.

तू मॅट्रिक झालास तवा दादानं गावभर साखर वाटली. कोयनंच्या खोऱ्यातलं, पाटणच्या वरच्या अंगाचं आपलं गाव, तितनं कालेजात जाणारा तू पयला. पोराच्या पोटाची आबाळ नको म्हणून तुझ्या बापानं ठरवलं, आपली बहीण, तुझी आत्ती, संगं धाडायची. ठरलं तवा मी गाठोडं बांधलं. कराडपतोर बैलगाडी, तितनं आगगाडी, मिरजंत गाडी बदलली. तू खिडकीतनं शेतं बघत हुतास आन म्हणत हुतास, "आत्ती, हितं जमीन बघ कशी सपाट हाय, भाकरीवानी." मी म्हणलं, "मग भाजून खा."

खोली मिळाली ती पद्माक्काच्या घरात. जैनाची बाई, कवठे महांकाळाकडची, नवरा हळदीच्या पेठेत. दिवस मावळायच्या आत जेवायची, कांदा घरात येऊ द्यायची न्हाई, पण जिभंला तिखट लय. पयल्याच दिवशी म्हणली, "तुमच्या पाटणाकडं पावसात माणसं बुरशी धरत्यात म्हणं, खरं काय?" मी म्हणलं, "व्हय. आन तुमच्याकडं ढग आला तर त्येला पाट मांडून जेवाय वाढत्यात म्हणं." तू दारात उभा ऱ्हाऊन हसलास. आमी दोघी म्हाताऱ्या त्या दिवसापास्नं जिवाच्या मैत्रिणी झालो. नाचणीवर वाढलेल्या मला शाळूची भाकरी तिनं शिकवली.

कालेजात तू काय शिकतोस इच्यारलं तर म्हणलास, "राज्यशास्त्र."

"राज्य ज्येंचं हाय त्येंनी शिकावं. तुला काय करायचंय?"

"ज्येंचं न्हाई त्येंनीच शिकाय पायजे, आत्ती."

तवाचं दिस तुला आठवतात का? आपल्याकडं, साताऱ्याच्या अंगाला, पोरं रानात गेली हुती. इंग्रजाच्या कचेरीला कुणी पुसत नव्हतं, गावागावात पोरांचंच सरकार चालायचं. सांगली संस्थानाची, तितं जरा निवांत, पण पाटणाकडचा, वाळव्याकडचा पोरगा दिसला की पोलिस वळून बघायचं. आन त्याच दिसात तुमच्या सरांनी निबंध घातला. सरकारचा हुकूम माणसानं का मानावा, आन कवा मानू नये?

तू दोन दिसात लिवलास. आदी मराठीत लिवायचास, डोस्कं साफ व्हतं म्हणून, आन मग इंग्रजीत घालायचास. सरांनी मराठीच वाचाय मागितला. परत आला तो तांबड्या शाईनं भरून. तू जेवलास न्हाई. मी वाचाय सांगितलं तर रागानं वाचलंस: "पैलवान एकटाच मैदानात आला, शड्डू ठोकला आन जिंकलो म्हणून घरी गेला. समोरचा कुठं हाय?"

मला त्ये सर तितंच आवडलं. सांगलीचा माणूस, कुस्तीनं समजावणार.

तू म्हणलास, "समोरच्याचं काय लिवायचं? इंग्रजाचा हुकूम मानावा असं म्हणणारं कोण हाय?"

तवा मी तुला आपल्या जुन्या पाटलाची गोष्ट सांगितली. तुझ्या जल्माआदीचा माणूस. देवळात न्याय बसला की त्येची रीत हुती. ज्येची तक्रार हाय त्येनं आदी दुसऱ्याचं म्हणणं सांगायचं. आपलं न्हाई, दुसऱ्याचं. आन समोरचा माणूस "व्हय, ह्येच माझं म्हणणं" असं म्हणत न्हाई तवर आपल्या बाजूचा एक शब्द काढायचा न्हाई. आमी बाया पायरीखाली उभ्या ऱ्हाऊन ऐकायचो. बांधाच्या भांडणात एकेक माणूस चारचार डाव सांगायचा आन समोरचा म्हणायचा, "न्हाई, असं न्हाई." सांगता सांगता सांगणाराच गार व्हायचा. निम्मी भांडणं तितंच मिटायची.

तू हातातला कागद खाली ठेवलास. "आत्ती, तू समोरची हो."

"मी?"

"व्हय. तू सरकारच्या बाजूनं बोल. मी लिवतो, वाचून दावतो. तू 'व्हय' म्हणलीस तरच फुडं."

मी म्हणलं, "मला सरकारनं काय पगार लावलाय?" पण बोलले. तुला काय सांगितलं ते तुला म्हाईत हाय, पण आता कागद न्हाई, म्हणून परत सांगती.

एकुणीस वर्साची असताना माझा नवरा गेला. पोरबाळ न्हाई. दीरांनी म्हयन्याच्या आत माझी भांडी दाराबाहेर ठेवली. भाऊबंद गोळा झालं, समदं आपलंच, एका रक्ताचं. कुणी म्हणलं न्हाई की हिला खायला काय. मी चालत पाटणच्या कचेरीत गेले. तीन खेपा. मामलेदार मला ओळखत नव्हता, मी त्येची कुणी नव्हते, त्येचा साहेब तर सात समुद्रापलीकडचा. पण त्येनं कागद केला. एक खोली आन वर्साचं धान्य, मी जित्ती हाय तवर. शिपाई कागद घेऊन आला तवा माझ्या दिरानं, जो माझ्या तोंडाकडं बघत नव्हता, त्येनं पागोटं काढून हातात घेतलं. कागदाला भ्याला. म्हणून म्हणती, सरकार कुणाचं हाय ते मागनं बघू. ज्येच्या अंगात जोर न्हाई, त्येला कुणाचा तरी हुकूम लागतो. हुकूम गेला की दांडगा माणूस सरकार व्हतो, आन त्यो आपल्या घरातलाच असतो.

तू लिवलंस, वाचून दावलंस. मी म्हणलं, "न्हाई, असं न्हाई. तू मला गरीब बिचारी केलीस. मी बिचारी नव्हते, मी तीन खेपा चालत गेलते." तू खोडलंस. दुसऱ्या रविवारी परत वाचलंस. तिसऱ्या रविवारी मी "व्हय" म्हणलं, आन तू पेन कपाळाला लावून हसलास.

मग तुझी बाजू. तू म्हणलास, हुकूम चालवायचा हक्क कशानं येतो? इच्यारल्यानं. ज्याला इच्यारलं न्हाई त्येच्यावर हुकूम चालवता येत न्हाई. इंग्रजानं आपल्याला कुठं इच्यारलं?

मी भाकरी थापत हुते. म्हणलं, "मग बायांनी कुणाचाच हुकूम मानाय नको. माझं लगीन ठरलं, माझा नवरा गेला, माझी भांडी भाईर गेली, हितं सांगलीला आले. कुणी इच्यारलं? इंग्रजानं न्हाई, आन आपल्या माणसांनीबी न्हाई. तुझं म्हणणं खरं असंल तर फकस्त इंग्रजापतोर कशाला थांबतोस?"

तू लिवाय थांबलास. पद्माक्का दळण घेऊन आली ती उंबऱ्यावरच उभी ऱ्हायली. मग तू म्हणलास, "आत्ती, ह्येला माझ्याकडं जबाब न्हाई." आन माझ्या बाजूच्या कागदावर खाली तेवढं लिवून घेतलंस. माझ्या आयुष्यात कुणी मला असं म्हणलं नव्हतं. मी भाकरी उलटली, ती करपली. तू करपलेलीच खाल्लीस.

दोन चळती झाल्या. वरची तुझी, खालची माझी, ट्रंकंत धोतराखाली. सोमवारी निबंध परत लिवून द्यायचा हुता.

शनवारी सकाळी तू कालेजात गेलास आन पद्माक्का धावत आली. "गल्लीत पोलिस आल्यात. साताऱ्याकडच्या पोरांच्या खोल्या उचकटाय लागल्यात." मी ट्रंक उघडली. माझ्या मनात एकच हुतं, हुकूम मानू नये असं लिवलेलं घरात घावलं तर पोराला न्हेतील. वरची चळत तुझी, ती चुलीत. खालची माझी, सरकारच्या बाजूची, ती घावली तरी काय वाईट न्हाई. पण तीबी पिठाच्या डब्यात कोंबली. वरच्या चळतीवर मी तवा ठेवला आन फुंकलं.

पोलिस आलं, ट्रंक पालथी केली, हवालदारानं म्हणलं, "पोरगा काय शिकतो?" मी म्हणलं, "मला काय कळतंय, साहेब." डब्याचं झाकण काठीनं वर केलं, पीठ बघितलं आन गेला.

मी दुपारी डब्यातनं कागद काढलं, झटकलं, बोट लावून वाचाय लागले. पयल्या चार ओळीत कळलं. तुझी बाजू हुती ती. तू सकाळी माझी बाजू परत वाचलीस, आन वर ठेवून गेला हुतास.

तू आलास. म्हणलं, पोलिस आलतं. तू आदी इच्यारलंस, "तुला काय बोललं का?" मग ट्रंक बघितलीस. तुझ्या हातात मी तुझी चळत दिली, पीठ लागलेली. "दुसरी कुठाय?"

मी म्हणलं, "त्येंनी न्हेली."

आनंदा, हा एक शब्द. त्याच्या आदी मी खोटं बोलले नव्हते असं न्हाई. दिरांना बोलले, दादाला बोलले. पण तुला न्हाई. तू चिडला असतास असंबी न्हाई. तू "बरं, आत्ती" म्हणला असतास. मला त्येचीच लाज वाटली. तीन रविवार तू माझं बोलणं सोन्यावानी जपून लिवलंस, आन मी माझंच बोलणं चुलीत घातलं, तेबी न बघता.

तू हसाय लागलास. पोट धरून. "आत्ती, त्या येड्यांनी त्येंच्याच बाजूचं न्हेलं! सरकारचा हुकूम मानावा असं लिवलेलं सरकारनंच जप्त केलं!" आन चपला घालून निघालास. "मागून आणतो. म्हणतो, साहेब, ही तुमचीच बाजू हाय, वाचा आन परत द्या."

मी तुला अडवाय पायजे हुतं. दार आडवं लावाय पायजे हुतं. मी चुलीची राख भरत बसले.

दिवं लागायच्या टायमाला आलास. गाल सुजलेला. "सायकलवरनं पडलो." तुझ्याकडं सायकल कुठं हुती, रं? पद्माक्काच्या नवऱ्याला पेठेत समदं कळलं, तिनं मला सांगितलं. तू चौकीत जाऊन सरळ मागणी केलीस. हवालदाराला वाटलं, कालेजातलं पोरगं चेष्टा कराय आलंय. त्यो म्हणला, "आमी कागद न्हेलंच न्हाईत." तू म्हणलास, "माझी आत्ती खोटं बोलत न्हाई." त्यावर त्येनं हात उचलला.

पद्माक्कानं एवढं सांगितलं. मग म्हणली, "बाई, मला त्या दिवशी तुमच्या चुलीतनं कागदाचा वास आलता." मी मान खाली घातली. तिनं परत कवा त्यो विषय काढला न्हाई. कुणाला सांगितलंबी न्हाई. आता तीबी ऱ्हायली न्हाई.

रविवारी तू कोरं कागद घेऊन माझ्याफुडं बसलास. गालाला मी हळद लावली हुती, ती वाळून पडत हुती कागदावर. म्हणलास, "आत्ती, सांग परत. माझ्या ध्यानात हाय थोडं, पण तुझ्या तोंडनं आलं पायजे. त्ये शेवटचं, बायांचं, ते तर पायजेच."

मी म्हणलं, "मला आठवत न्हाई."

"असं कसं? तुझंच हाय."

"न्हाई आठवत म्हणलं की. म्हातारी झाले. कामं हायत मला."

तुला वाटलं आसंल, पोलिसांनी हिला भिववलंय. तू जोर केला न्हाईस. जबरदस्ती तुझ्या अंगातच नव्हती, तोच तर तुझा निबंध हुता. आठवंल तेवढं आपल्या मनानं लिवलंस, मी तुझ्याकडं पाठ करून तांदूळ निवडले. मी नुसतं "व्हय" म्हणावं म्हणून वाचून दावलंस. मी न ऐकताच "व्हय" म्हणलं.

निबंध पास झाला. तांबड्या शाईत आता एकच ओळ: "समोरचा पैलवान आला, पण आजारी दिसतो."

त्यानंतर तू चेष्टाच केलीस माझी. नाचणीची भाकरी जाड झाली की, "आत्ती, तुझी बाजू जड हाय." दादाशी तुझं शेतावरनं वाजलं की माझ्याकडं वळायचास, "आत्तीचं म्हणणं काय? आत्तीची बाजू ऱ्हायलीय अजून." मी म्हणायचे, "ऱ्हाऊ दे." झेंडा बदलला त्या दिवशी गावच्या शाळंफुडं तू बोललास. घरी येऊन मला म्हणलास, "आता सगळ्यांला इच्यारणार, आत्ती. बायांलाबी. मताची चिठ्ठी पेटीत टाकायची, तू तुझी टाकायची, दादा त्येची." मी म्हणलं, "बघू." तू म्हणलास, "ह्ये तुझ्यामुळंच मला आदी कळलं हुतं, सरांच्या आदी." त्या दिवशी कागद जाळल्याचं ओठावर आलं हुतं माझ्या. चुलीत जाळ कमी झाला म्हणून आत गेले.

मग ह्या सालचा मुदतीचा ताप. पाटणचा डाक्टर दोनदा आला. एकविसाव्या दिशी तुला उतार पडला, दुपारी तू शुद्धीवर, डोळं साफ. तुझी आई जेवाय गेलती, मी पाय दाबत हुते. तू म्हणलास, "आत्ती, आता तरी सांग."

"काय?"

"तुझी बाजू. आता कुणी पोलिस न्हाई."

म्हणजे तू एवढी वर्सं तेच धरून बसला हुतास, की मी भ्याले म्हणून गप ऱ्हायले. मला भित्री समजून तू मला सांभाळत हुतास. मी म्हणलं, "बरा हो, मग सांगती." तू म्हणलास, "बरं." आन डोळं मिटलंस. सांजच्याला ताप परत चढला तो उतरला न्हाई.

आता ऐक. दगडावानी बसून सांगती.

कागद मी जाळलं. हवालदार खरं बोलला, तुझी आत्ती खोटं बोलली, आन तू तिच्यासाठी मार खाल्लास. ह्ये पयलं.

दुसरं, माझ्या बाजूचं. ज्येच्यात जोर न्हाई त्येला हुकूम लागतो, ते मी आजबी म्हणती. मामलेदाराच्या कागदावर मी तरुणपण काढलं, ते खोटं कसं म्हणू? पण त्या कागदानं मला खोली दिली, धान्य दिलं. माझं म्हणणं काय हाय, ते त्या कागदानं इच्यारलं न्हाई. तिन्ही खेपांना मामलेदार बोलला, मी मान हलवली. तुझ्या बाजूत खोट काढाय मी गेले, "आपल्या माणसांनीबी इच्यारलं न्हाई" म्हणून. तू त्यावर म्हणलास, माझ्याकडं जबाब न्हाई. जबाब हुता, रं. तू माझ्याफुडं कागद घेऊन बसला हुतास, त्योच जबाब हुता. तुला दिसला न्हाई. मला दिसला, पण भाकरी करपली म्हणून मी गप ऱ्हायले.

उद्या इच्यारणार हायत म्हणं, मताची चिठ्ठी टाका. जाईन मी. दादा सांगंल त्या पेटीत टाकणार न्हाई, एवढं तुला सांगून ठेवती.

पण आनंदा, कुणी इच्यारलं न्हाई म्हणून मी जल्मभर माणसांवर रुसले. तू परत दोन डाव इच्यारलंस. एकदा म्हणलं, आठवत न्हाई. एकदा म्हणलं, बरा हो मग सांगती.